गुरुमुखीतली पावती

हे सैन्यात सुभेदार होते. अंबाल्याहून त्यांची बदली वर बर्फात झाली. तिथे कुटुंब नेता येत नव्हतं, म्हणून लेकीला घेऊन मी डोंबिवलीला, मानपाड्याच्या आमच्या दोन खोल्यांत राहायला आले. मागून ट्रकने सामान आलं. पत्र्याच्या आठ काळ्या ट्रंका, शिलाई मशीन, पलंग आणि यांची सायकल. ट्रकवाले सरदारजी वयस्कर होते. सामान उतरवून झाल्यावर त्यांना आणि क्लीनरला मी पिठलं-भाकरी वाढली. भाड्याचे पैसे दिले तेव्हा त्यांनी पन्नासाची एक नोट परत माझ्या हातात ठेवली. मला वाटलं, माझंच मोजणं चुकलं. मग बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी पावती लिहिली. सगळी गुरुमुखीत.

पुढच्या वर्षी ठाण्याच्या आयकर कार्यालयातून पत्र आलं. बदलीसाठी यांना मिळालेली रक्कम पगारातच धरली गेली होती, त्यामुळे तिच्यावरही कर लागत होता. सामान हलवायला खरोखर जेवढा खर्च झाला, तेवढ्यावर सूट होती. पण पुरावा हवा. मी यांना कळवलं. तीन आठवड्यांनी त्यांचं अधिकारपत्र आलं आणि सोबत चिठ्ठी, 'तू जा. तुला जमेल.'

कुठल्याही साहेबाच्या टेबलासमोर मी तोवर एकटी बसलेली नव्हते. इस्त्रीची साडी नेसले आणि पावती पिशवीत घालून गेले.

साहेबांनी ती उलटसुलट करून पाहिली. "बाई, काय लिहिलंय यात?"

"सामानाचं भाडं."

"तुम्हाला वाचता येतं हे?"

"नाही."

"मलाही येत नाही. मग मी सही कशावर करू? वाचणारं कुणी मिळालं तर आजच घेऊन या. उद्यापासून मी रजेवर आहे."

बाहेर आले. काय करावं सुचेना. मग आठवलं, खोपटला एसटी डेपोजवळ टायरचं एक दुकान आहे, तिथे पगडीवाले एक गृहस्थ बसलेले दिसतात. तडक तिथे गेले. माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, पावती वाचली आणि एकदम हसले.

"भाईसाहब, क्या लिखा है?"

"वहीं चलके पढ़ूँगा, बेटी." कारागिराला दुकान सांभाळायला सांगून ते तसेच, ग्रीस लागलेल्या सदऱ्यावर, माझ्याबरोबर निघाले.

साहेबांसमोर उभं राहून त्यांनी खड्या आवाजात एकेक ओळ वाचली आणि हिंदीत अर्थ सांगितला. फौजीचं घर सुखरूप पोचवलं. ट्रंका आठ, मशीन एक, पलंग एक, सायकल एक. भाडं चार हजार ठरलं होतं. बहिणीने घरी बसवून जेवू घातलं, म्हणून पन्नास कमी घेतले. बाकी सगळे मिळाले.

शेजारच्या टेबलावरचे कारकूनही माना वर करून ऐकत होते. माझे डोळे भरून आले.

साहेबांनी विचारलं, "बाई, जेवायला केलं काय होतंत?"

"पिठलं-भाकरी."

"पन्नास रुपयांचं पिठलं!" ते मोठ्याने हसले. मग पावतीचा मजकूर त्यांनी स्वतःच मराठीत लिहून काढला. टायरवाल्या सरदारजींनी खाली सही केली, बोटांना शाई लावून घेत मी माझी केली. साहेब म्हणाले, "तीन हजार नऊशे पन्नास. एवढ्यावर कर लागणार नाही. पत्र घरी येईल."

बाहेर आल्यावर सरदारजींना चहा तरी घ्या म्हटलं. ते म्हणाले, "गाहक खड़ा होगा," आणि रिक्षा पकडून गेले. चहा मी एकटीनेच घेतला, वडापाव खाल्ला. एकटीने हॉटेलात बसण्याचीही ती पहिलीच वेळ.

घरी येऊन यांना चार पानी पत्र लिहिलं. यांचं उत्तर आलं, माझं पत्र त्यांनी सगळ्या जवानांना वाचून दाखवलं होतं. त्यानंतर गॅसचं कनेक्शन असो, लेकीच्या शाळेचा दाखला असो, कचेरीचं कुठलंही काम मी कुणाला सांगितलं नाही. स्वतःच जायचे.