रतन ड्रायव्हरचे तीन पगारी महिने

मांडव्याच्या धक्क्यावर रतन नाखव्यांना अजून सगळे ‘ड्रायव्हर’ म्हणतात. एकतीस वर्षं ते लाँचचं इंजिन सांभाळत होते, कंपनीचे कायम कामगार म्हणून. डिझेलचा वास, मुंबईच्या गेटवेला पोचल्यावरचा पहिला चहा, यांबद्दल बोलू लागले की त्यांचा आवाज मऊ होतो.

एकदा उधाणात लाँच आणि धक्क्याच्या मध्ये त्यांचा उजवा हात चेंगरला. दवाखाना कंपनीच्या विम्यातून झाला. तीन महिने घरी, पगार चालू. लाँचचं सुकाणू धरणारा सारंग भेटायला आला तो चक्क पापलेटं घेऊन. रतनची बायको काशी हसत सुटली. “कोल्याचे घरान म्हावरा कोन आनतंय?”

मुलगी हेमांगी तेव्हा आठ वर्षांची होती. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून, डाव्या हातानं सीट धरून रतननी तिला ओल्या वाळूवर सायकल शिकवली.

आता हेमांगीच्या स्वतःच्या चार स्पीडबोटी आहेत. अकरा जण चालवतात, पण नोकरीला कुणीच नाही. फोन आला की यायचं, फेरीमागे पैसे घ्यायचे. गेल्या डिसेंबरात पर्यटकांना उतरवताना त्या अकरांतल्या विनेशचा पाय मोडला.

“दवाखान्याचं काय केलंस गो?” रतननी विचारलं.

“बाबा, तो फ्रीलान्सर हाय. विमा ज्याचा त्यानं काढायचा. करारातच लिवलंय.”

दुसऱ्या दिवशी रतन रेवदंड्याला विनेशकडे जाऊन बसले. विनेश ओशाळून म्हणाला, “दादा, तो करार मी वाचलाच न्हाय. काम मिळतंय म्हनून सही केली.”

संध्याकाळी रतननी लेकीला विचारलं, “मी घरी होतो ते दिवस आठवतात तुला?”

“न आठवायला काय झालं? तू दिवसभर हसायचास. एरवी तेवढा कधीच घरी नसायचास.”

“पगार चालू होता, म्हनून हसत होतो. नायतर पडलेल्या मानसाला पोरीची सायकल सुचते व्हय?”

मग हेमांगीनं विनेशला फोन लावला. दवाखान्याचा खर्च तिनं उचलला, आणि महिन्याभरात अकराही जणांना बोलावून कायम नोकरी देऊ केली. सहा जणांनी ती घेतली. उरलेल्यांतला निकेश मात्र म्हणाला, “मला बांधू नको ताई. मासेमारीच्या हंगामात मला माझ्या होडीवर जायचंय.” त्याच्यासह उरलेल्या पाच जणांचा अपघात विमा तिनं आपल्या खर्चानं उतरवला.

यंदा बोटींचा दर थोडा वाढलाय, गिऱ्हाईकं कुरकुरतात. विनेश एप्रिलपासून पुन्हा बोटीवर आहे. त्याच्या इंजिनाचा आवाज जरा बिघडला, की धक्क्यावरून रतन ओरडतात, “अरे, फिल्टर बघ!”