परवा म्हणजे कधी?

आमच्या घरात 'परवा' हा शब्द एकटा उच्चारायची सोय नाही. "बाबा, परवा प्लंबर येणारे," असं मी म्हटलं रे म्हटलं की सासरे विचारणार, "परवा म्हणजे कधी? वार सांग." अहो, येणारे म्हटलं ना मी! पण नाही, वार सांगायचाच. ते इथं अमेरिकेत, बॉथेलला, आमच्याकडे राहायला आल्यापासून मला इतकी सवय झालीय की ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा मी वार आणि तारीख दोन्ही सांगते आणि लोक मला फार व्यवस्थित समजतात.

यामागची गोष्ट सासूबाईंनी मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ऐकवली होती. बाबा तरुणपणी लंडनला शिकायला होते आणि फावल्या वेळात तिथल्या रेडिओवर मराठी बातम्या वाचायचे. आईंशी त्यांचं लग्न पत्रापत्रीतून ठरलेलं. परत यायचं ठरल्यावर, एका बुधवारी, आपल्या शेवटच्या कार्यक्रमात बाबांनी स्वतःबद्दल एक ओळ वाचली: 'आपले निवेदक परवा बोटीनं मायदेशी.' क्रियापद गायब. पुण्यात शेजाऱ्यांच्या रेडिओला आई कान लावून होत्या, आणि घरातलं दुसरं कुणी तिथं नव्हतं. त्यांनी परवा म्हणजे होऊन गेलेला सोमवार धरला. बाबांच्या मनात होता येणारा शुक्रवार. आणि रेडिओवर सांगितलंय की, मग पत्र कशाला, म्हणून महाशयांनी पत्रही टाकलं नाही! झालं. आई आपल्या वडिलांना घेऊन चार दिवस आधीच मुंबईत हजर, आणि रोज धक्क्यावर हेलपाटे. बोट आली तेव्हा आईंचं पहिलं वाक्य होतं, "तुमच्या परवाला चार दिवस लागतात." बाबांनी तिथल्या तिथे चूक कबूल केली. वेळ वाचवायला क्रियापद मीच गाळलं असणार, म्हणाले.

आई ही गोष्ट खूप रंगवून सांगतात. सगळे हसतात, बाबाही हसतात. पण मंडळाच्या कार्यक्रमाचं निवेदन करा म्हणून कुणी गळ घातली की त्यांचं उत्तर ठरलेलं असतं. "ज्याला स्वतःच्या बायकोला दिवस नीट सांगता आला नाही, त्याच्या हातात माइक देऊ नका." एवढा खणखणीत आवाज, आणि हा माणूस सगळा जन्म मागच्या रांगेत बसला. मला याचा राग येतो, अजूनही येतो.

कारण त्या कामाबद्दल ते बोलायला लागले की ऐकत राहावं. दुपारी इंग्रजी बातम्यांचे कागद हातात पडायचे, तास-दीड तासात मराठी करायचं. मग तिथली एक वयस्क इंग्रज बाई स्टॉपवॉच घेऊन बसायची आणि यांना सगळं मोठ्यानं वाचायला लावायची. तिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण हे कुठे अडखळणार हे तिला आधी कळायचं. वाचून झालेला कागद खाली सतरंजीवर अलगद सोडायचा, आवाज करायचा नाही. हिरवा दिवा लुकलुकला की बोलायचं. शेवटचं वाक्य संपायचं आणि घड्याळाचे ठोके सुरू व्हायचे, मध्ये एका श्वासाचं अंतर. "एवढी माणसं," बाबा म्हणतात, "आणि कुणी कुणावर ओरडत नव्हतं. समुद्रापलीकडे कुणीतरी आपल्या भरवशावर बसलंय, हे प्रत्येकाला ठाऊक होतं." मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये वीस वर्षं काढलीत. असा भरवसा मनात ठेवून काम करणारं माणूस मला क्वचितच भेटलंय.

निरोप देताना त्या बाईनं बाबांना त्यांच्या शेवटच्या कार्यक्रमाची तबकडी भेट दिली होती. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लाखेचा काळा थर. ती लंडनहून पुण्याला आणि पुण्याहून इथं आली, पण कधी वाजली नाही. असल्या तबकड्या दोन-चारदा लावल्या की खराब होतात, असं बाबा सांगायचे. मला विचाराल तर त्यांना स्वतःची चूक कानांनी ऐकायची नव्हती.

या हिवाळ्यात मात्र गोष्टी बदलल्या. आईंचं ऐकू येणं झपाट्यानं कमी झालं. डॉक्टर म्हणाली, यंत्रं लावून जे आहे ते थोडे दिवस, पुढचं सांगता येत नाही. त्या संध्याकाळी बाबा स्वतः तबकडी घेऊन माझ्यापुढे उभे राहिले. "तिला तो आवाज एकदा ऐकू दे," म्हणाले. "चुकीसकट."

इथं जवळच रेडमंडला एक रिटायर्ड इंजिनिअर आहे, जुन्या रेकॉर्ड्स कॉम्प्युटरवर उतरवून देतो. त्यानं तबकडी उलटसुलट करून पाहिली आणि सांगितलं, थर सुटायला लागलाय, एकदाच नीट वाजेल. आईंना ते तिथंच ऐकायचं होतं. म्हणून शनिवारी सकाळी आम्ही तिघं पावसातून ड्राइव्ह करून त्याच्या गॅरेजमध्ये गेलो. त्यानं मोठे हेडफोन आईंच्या कानांवर बसवले आणि आमच्यासाठी स्पीकर चालू केला.

आधी नुसती खरखर. मग तो आवाज आला. पंचविशीतला, स्वच्छ, कुठेही घाई नाही. माझ्या अंगावर काटा आला. बातम्या झाल्या, हवामान झालं. बाबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. आणि शेवटी ती ओळ आली. "आपले निवेदक परवा, म्हणजे येत्या शुक्रवारी, बोटीनं मायदेशी निघणार आहेत. नमस्कार." मग एक श्वास, मग ठोके.

क्रियापद होतं. वारही होता. मी बाबांकडे पाहिलं, तर ते आईंकडे पाहत होते.

आईंनी हेडफोन काढले, सावकाश कानात यंत्रं घातली.

"मला तेव्हाही शुक्रवारच ऐकू आला होता," त्या म्हणाल्या.

"मग?" बाबांनी विचारलं.

"मग काय. बोट यायला तीन आठवडे, आणि मला घरी बसवेना. मुंबईत तरी जाऊन उभी राहते, असं वाटलं. पण असं वडिलांना सांगायचं कसं त्या काळात? रेडिओवर परवा म्हणाले, सोमवारीच निघालेत, असं सांगितलं. धक्क्यावर वडील शेजारीच उभे होते, तुमच्यावर ढकललं. वाटलं, तुम्ही भांडाल, मग एकटं गाठून खरं सांगीन. तर तुम्ही लगेच चूक कबूल करून बसलात."

"आणि नंतर? इतकी वर्षं?"

"नंतर लाज वाटायला लागली. मग तुम्ही माइक नको म्हणायला लागलात, तेव्हा तर तोंडच उघडेना. चुकलं माझं."

आता बाबा चिडणार, आणि चिडले तर बरोबरच आहे, असं मला वाटत होतं. तो इंजिनिअर बिचारा भाषा न कळून तबकडी पुसत होता. बाबांनी खुर्ची आईंच्या जवळ ओढली. बाबांना या वयातही शेजारच्या खोलीतलं कुजबुजणं ऐकू येतं.

"बोट यायच्या चार दिवस आधी मुंबईत का आलीस म्हणालीस?" ते म्हणाले. "मला नीट ऐकू आलं नाही. परत सांग."

आईंनी परत सांगितलं.