जंताचं बारसं

निरोगी माशाचा एवढा राग करणारा माणूस उभ्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. आमच्या वरच्या खोलीत राहणारे सर विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवत आणि माशांच्या आतड्यांतले जंत ओळखत. रविवारी ते बाजारातून तोंड पाडून आले की माझी बायको विचारी, "काय झालं, सर?" "काय सांगू वहिनी," सर जिन्यातच बसत, "आज सगळे मासे ठणठणीत निघाले." मग ती बिचारी त्यांना सांत्वनाचा चहा देई. लोक कल्ले बघून मासा घेतात. सर सुस्त, पोट फुगलेला, कुणी हात लावणार नाही असा मासा हेरत आणि त्याचंही फक्त आतडं मागत. मासळीवाल्या मावशींचा त्यांच्यावर जीव होता, पण आतड्यात पांढरी फीत वळवळताना दिसली की सर भर बाजारात म्हणत, "वा, काय देखणा आहे!" शेवटी मावशींनी दुकानामागं पोतं अंथरून दिलं. "सर, हितं बसून काय ते कवतिक करा. तिकडं गिऱ्हाईक पळायलंय."

मी वाळूजच्या नव्या कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासत असे. म्हणजे डोळा तीक्ष्ण असणारच, असं ठरवून सर मला सूक्ष्मदर्शकापुढं बसवत. काचेवर लाल रंगवलेला जंत, त्याच्या डोक्यावर बारीक काट्यांची रांग. ते काटे मोजायचे. माझे एकतीस आणि त्यांचे बत्तीस भरले तर जेवण लांबे. "जात डोक्यावरून ठरते," सर म्हणत आणि लगेच पुस्ती जोडत, "हे फक्त जंतांना लागू आहे."

कायगावला गोदावरीतल्या एका वांब माशात त्यांना असा जंत मिळाला की त्याची नोंद कुठल्याच ग्रंथात नव्हती. नाव गोदावरीवरून ठरलं. लेख टाइप झाला. फक्त सरांच्या नावाखाली विद्यापीठाच्या नावाची ओळ कोरी होती. दिवस नामांतराच्या लढ्याचे होते. "नवं नाव लागलं की पाठवीन," सर म्हणाले.

"आधी दुसऱ्यानं छापलं तर? पहिला छापतो त्याचंच नाव टिकतं, हे तुम्हीच सांगता."

"माहीत आहे. पण माझी आई लासूरहून पायी मोर्च्याला आली होती. तळपायाला फोड आले होते तिच्या. त्या ओळीत मी जुनंच नाव कसं लिहू?"

मी चिडलो, त्यांना हट्टी म्हणालो. वर्षं गेली आणि दक्षिणेकडच्या कुणीतरी तोच जंत आपल्या नदीच्या नावानं छापला. सर तो अंक वाचून आले, जिन्यात बसले. बायकोनं न विचारता चहा आणला. कप खाली ठेवत सर म्हणाले, "काटे मात्र बरोबर मोजलेत त्यांनी."

मग एकदाचं विद्यापीठाला नवं नाव मिळालं, तेही जुनं ठेवून, दोन्ही जोडून. कोऱ्या जागेत ते मावेना. सरांनी हसत हसत पान पुन्हा टाइप केलं. आता लेख कसला, हा जंत गोदावरीतही सापडतो एवढं सांगणारं अर्ध्या पानाचं टिपण उरलं होतं.

अंक छापून आला तेव्हा त्यांची आई आली होती. "कुठाय रं ते नाव?" तिनं विचारलं. मोर्च्यातल्या फलकांवर पाहून पाहून तिला ते मराठीत ओळखू येई. हे इंग्रजीत होतं. सरांनी तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं.

"आसं दिसतंय व्हय इंग्रजीत," ती म्हणाली.

मला माझ्या चिडण्याची लाज वाटली. जंताचं चित्र पुढच्या पानावर होतं, पण ती बोट उचलेना आणि सरांनीही पान उलटायची घाई केली नाही.