गाडीतल्या रेडिओने वाचलेला गट नंबर

या पानावर कोणी भुताखेताचं काही लिहिलं की खाली पहिली कमेंट माझी असते — "पुरावा?" बस्स, एवढीच. त्यावरून काही जणांनी मला शिव्याही घातल्यात. त्यामुळे आज मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर हसणारे हसतील… हसा. पुरावा माझ्याकडेही नाही.

मी देऊळगाव राजाला राहतो. भाजीपाल्याचं बियाणं तयार करून घेणाऱ्या एका कंपनीत फील्ड सुपरवायझर आहे. आमच्या जिल्ह्यात शेडनेटमध्ये टोमॅटो-मिरचीचं बियाणं घेतात. बाया एकेका फुलावर हाताने नराचा पराग लावतात, त्याला आम्ही क्रॉसिंग म्हणतो. सकाळी सात ते दहा हीच वेळ. ऊन चढलं की फूल कोणाचं ऐकत नाही. माझं काम म्हणजे या प्लॉटवरून त्या प्लॉटवर गाडी पळवायची आणि लोकांच्या चुका काढायच्या. बायको म्हणते, तुम्हाला दुसरं काम जमलंही नसतं.

दिवसाचे पाच-सहा तास गाडीत जातात. एफएम निम्म्या रस्त्यात सुटतं, मोबाइलवर गाणी लावावीत तर नेटवर्कची बोंब. म्हणून गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर मी जुना स्टीरिओ काढून डिजिटल रेडिओ पकडणारा स्क्रीनवाला प्लेयर बसवून घेतला. मीडियम वेव्हवर येतो, पण आवाज एकदम स्वच्छ. चिखलीत गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या रफिकभाईंनी अख्खा डॅशबोर्ड उघडला, काचेवरचा अँटेना काढून टपावर लांब दांड्याचा बसवला. जाताना म्हणाले, "गजूभाऊ, डिजिटलचं असं हाय — आला तं पूरा, नाई तं बिलकूल नाई. ते खरखर, घरघर भूल जाओ. आन् मोबाइलचा चार्जर लावला असन तं रेडिओची उमेद ठेवू नका. तुमचा चार्जर लय घान सिग्नल फेकते."

मी दहा वेळा करून पाहिलं. खरंच, चार्जर खुपसला की रेडिओ मुका. काढला की दोन-तीन सेकंदांत पुन्हा बोलायला लागायचा. पंधरा दिवस मी नव्या नवरीसारखं त्या रेडिओचं कौतुक करत होतो.

त्या दिवशी मंगळवार होता. सकाळी घरून निघालो, देऊळगाव मही मागे टाकलं, चिखली पाच-सात किलोमीटर राहिली असेल. आठला पाच कमी. रात्री फोन चार्ज करायचा राहिला होता म्हणून चार्जर लावलेला होता आणि रेडिओ अर्थातच गप्प होता.

तो बोलायला लागला.

बाईचा आवाज. शेतकऱ्यांसाठीचे निरोप वाचतात ना, तसा — संथ, कोरडा, अजिबात घाई नाही. स्क्रीनवर स्टेशनचं नाव येतं त्या जागी काहीच नव्हतं. बाईंनी एका गावाचं नाव घेतलं आणि म्हणाल्या, "गट नंबर दोनशे सत्तेचाळीस येथील शेडनेटधारकांनी आज वीजपुरवठा सुरू होण्यापूर्वी स्टार्टरचा ऑटो बंद करावा. शेडनेटमध्ये कोणीही थांबू नये."

आता हे समजायला आमचा धंदा समजला पाहिजे. आम्ही प्लॉट मालकाच्या नावाने नाही, गट नंबरने ओळखतो. दोन प्लॉटमधलं अंतर, नोंदणी, सगळं गट नंबरवर चालतं. ते गाव अमडापूरच्या अलीकडे, रस्त्यापासून दीड किलोमीटर आत आहे. आणि तिथला दोनशे सत्तेचाळीस म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा प्लॉट. आईनंतर मला तिनेच वाढवलंय. माझ्या पायाखाली ब्रेक कधी दाबला गेला मला कळलं नाही.

गाडी बाजूला घेतली. चार्जरकडे पाहिलं. लावलेलाच होता. रेडिओ आता गप्प होता.

ऑटो म्हणजे काय तर, शेतातली थ्री फेज लाइट ठरलेल्या वेळी येते. त्यासाठी कोण बसून राहणार? म्हणून सगळेच स्टार्टरला ऑटो स्विच लावून ठेवतात. लाइट आली की मोटर आपोआप सुरू. त्या आठवड्यात अक्काच्या फीडरला नऊ वाजता लाइट यायची.

मी अक्काला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. शेजारच्या शांताकाकूंना लावला, त्या तिच्याकडेच कामाला जातात. तीच गत. आणि मग आठवलं, फोन उचलणार कोण? मागच्या हंगामात एका बाईने फोनवर बोलता बोलता अख्खी ओळ भलत्याच परागाने भरून ठेवली होती. तेव्हापासून माझा कडक नियम — सगळ्यांचे फोन सायलेंट करून दाराबाहेरच्या टोपलीत, क्रॉसिंग संपेपर्यंत हात लावायचा नाही. नियम मी केला होता, तोही ओरडून. त्या टोपलीत माझे फोन एकामागून एक मरत होते.

दाजी बुलढाण्याला कचेरीत गेलेले. त्यांनी उचलला.

"दाजी, स्टार्टरच्या पेटीची चावी कुठं आहे?"

"माह्या खिशात. काऊन बे?"

"ऑटो बंद करायचा होता."

"काऊन पन?"

काय सांगू? म्हटलं, रेडिओवर सांगितलं. दाजी तिकडे एवढे हसले की मलाच लाज वाटली. "गजानन, रातच्याले काही घेतलं व्हतं का बे?" म्हणाले आणि फोन कट.

गाडी वळवून देऊळगाव महीच्या प्लॉटवर निघून जावं, असंही मनात आलं. खोटं कशाला बोलू. पण पाय अॅक्सिलरेटरवरून उठेना. चिखलीतून कसा निघालो, बाजारातली गर्दी कशी चुकवली, काही आठवत नाही. घड्याळ तेवढं आठवतं. आठ एकोणीस. आठ एकतीस. अमडापूरच्या अलीकडे एक ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, बाजूला होईना… मी हॉर्नवर हात ठेवून चक्क रडत होतो. पंचेचाळीस वर्षांचा माणूस!

पोचलो तेव्हा नऊला अकरा कमी होते.

शेडनेटच्या दाराबाहेर टोपली, टोपलीत नऊ फोन, त्यातल्या अक्काच्या फोनवर माझे सव्वीस मिस्ड कॉल. आत नऊ बाया, अनवाणी, ड्रिपने ओली झालेली माती, आणि प्रत्येक झाड सुतळीने वरच्या लोखंडी तारेला बांधलेलं. फुलाला हात घालायचा म्हणजे डोक्यावरच्या तारेला हात लागतोच.

"अक्का, बाहेर ये. सगळ्या बाहेर या!"

"गजू? तू तं उद्या येनार व्हता." तिने मान वर केली नाही. "पराग सुकून राह्यला. धा वाजता येतो बाहेर."

"आत्ता ये!"

"अरे, तूच तं म्हनते, क्रॉसिंगच्या टायमाले हालाचं नाई."

बाया खिदळायला लागल्या. शांताकाकू म्हणाल्या, "साहेबाले आज भलतीच घाई हाय वं." मी आत घुसलो. अक्काचा दंड धरला आणि तिला ओढत बाहेर आणलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या अंगाला असा हात लावला. तिच्या हातातली परागाची डबी मातीत सांडली. तेव्हा मात्र बाया एकेक करून मागोमाग निघाल्या. अक्काच्या डोळ्यांत पाणी होतं, रागाचं.

"चार बायांमंदी शोभा केली माही," ती म्हणाली. "काऊन?"

मी घड्याळाकडे बघत होतो. आम्ही सगळे तिथे उभे. नऊ वाजले. लाइट आली, विहिरीवर मोटर सुरू झाली. बाकी काही नाही. शेडनेट जागच्या जागी, झाडं जागच्या जागी.

"झालं का समाधान?" म्हणत अक्का पुन्हा दाराकडे निघाली. दार लोखंडी पाइपाचं. मी तिच्यासमोर आडवा झालो. म्हटलं, वायरमन येऊ दे, मग जा, हात जोडतो. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि तिथेच बांधावर बसली.

फोन करून बोलावलेला गावातला वायरमन अर्ध्या तासाने आला. कुरकुर करतच आला. टेस्ट लॅम्पची एक वायर त्याने ओल्या मातीत खुपसलेल्या सळईला लावली, दुसरी शेडनेटच्या पाइपाला.

बल्ब पूर्ण पेटला.

शांताकाकूंनी तोंडावर पदर घेतला. वायरमनने पोलवरून लाइट तोडली आणि मग मागच्या कोपऱ्यात ते सापडलं. स्टार्टरपासून मोटरकडे जाणारी वायर दाजींनी शेडनेटच्या पाइपालाच बांधून नेली होती. आदल्या संध्याकाळच्या वाऱ्यात घासून तिची साल निघाली होती. तांबं पाइपाला टेकलेलं. दाजींची चूक असं तरी कसं म्हणू? मी त्या प्लॉटवर दर आठवड्याला जातो, चुका काढायचा पगार घेतो.

नंतर जे करायचं ते सगळं केलं. रेडिओ केंद्रात ओळख काढून विचारलं. असा निरोप वाचला गेलेला नाही, आणि गट नंबर कोणी कधी रेडिओवर वाचत नाही, असं उत्तर आलं. रफिकभाईंनी प्लेयर काढून टेबलावर उघडला, चार्जर लावून दोन तास बसले. हूं नाही की चूं नाही. "भाऊ, मी वायरिंगवाला आदमी हाय. हे माह्या बसची बात नाई," म्हणाले. माझ्या मनाचा खेळ असेल? असेल. पण साल निघालेली वायर माझ्या मनाला पंचवीस किलोमीटरवरून कशी दिसली?

त्या दिवशी चहा पिताना अक्काला सगळं सांगितलं. ती हसली नाही. कप खाली ठेवून म्हणाली, "गजू, ते बाई अजून काही सांगत व्हती का रे? अजून कोनाचं नाव?"

मी म्हटलं, "नाही."

मी खोटं बोललो. बाई थांबल्या नव्हत्या. अक्काचा नंबर वाचून झाल्यावर त्याच आवाजात त्यांनी दुसरं गाव घेतलं, दुसरा गट नंबर घेतला. पण तोवर मी ब्रेक दाबला होता, फोन शोधत होतो, माझ्या माणसाचा नंबर मला मिळाला होता… पुढचं कानावर पडलं, पण ऐकलं नाही. कुठे शॉक लागून कोणी गेलं का, म्हणून आठवडाभर पेपरात आतली पानं वाचली. आजही ज्या प्लॉटवर जातो तिथे आधी पाइपाला टेस्टर लावतो, लोक हसतात. नंबर काही केल्या आठवत नाही. गावाचं नाव 'पिंपळ'ने सुरू होत होतं, एवढंच आठवतं.

आमच्या जिल्ह्यात अशी गावं किती आहेत, इथल्या लोकांना माहीत आहे. आपल्यापैकी कोणी तशा गावचं असेल, शेडनेट असेल, तर त्या मंगळवारी तिथे काय झालं ते मला कळवा. काहीच झालं नसेल, तर तेही कळवा.