जावेची काचपेटी आणि माझे मुरे

माझ्या लिहिण्यात वेलांट्या चुकतील आणि अक्षरही वाकडंतिकडं येईल, त्याबद्दल आधीच माफी मागते. कोणाची मागते ते मलाच माहीत नाही, कारण हे मी कोणाला दाखवणार नाही. चौथीनंतर शाळा सुटली आणि मग लिहायचं काम कधी पडलंच नाही. घरात छापल्यासारखं अक्षर असलेली एकच, माझी धाकटी जाऊ. ती शाळेत शिकवते. तिला तर मुळीच दाखवणार नाही, कारण लिहायचं आहे ते तिच्याबद्दलच.

ती नाशिककडची. शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमाराला लग्न होऊन जव्हारला आमच्या घरी आली. धाकटे दीर मोखाड्याला पंचायत समितीत कारकून, माझा नवरा जव्हार-मोखाडा-खोडाळा जीप चालवायचा, तीही दुसऱ्याची. दोन खोल्या त्यांच्या, दोन आमच्या, मधे एक भिंत आणि ओटा एकच. तिच्या सामानात कपाट होतं, शिलाई मशीन होतं, आणि गोधड्यांत गुंडाळून आणलेली एक काचेची पेटी होती. त्या पेटीत तिने पाणी भरलं, रेती टाकली, हवेचा पंप लावला आणि लाल मासे सोडले.

आमच्या आळीत मासा म्हणजे कालवणातला. खायचा नाही, नुसता बघायचा मासा कोणी पाहिला नव्हता. संध्याकाळी पोरं, बायका, शेजारचे म्हातारे, सगळे तिच्या दारात. "बाई, हे झोपतात कधी?" "बाई, यांना भात चालतो का?" ती हसून सांगायची. मी माझ्या दारात तांदूळ निवडत बसायची. माझ्याकडे बघायला कोणी का येईल?

ती शाळेत गेली की मी तिच्या खोलीत जाऊन त्या पेटीसमोर बसायची. मासे सुंदर होते, हे मला कबूल करायचं नव्हतं. मला एवढंच वाटायचं की एक तरी वस्तू अशी असावी, जी माझ्याकडे आहे आणि तिच्याकडे नाही. बाकी सगळं तिच्याकडे होतं. पगार होता, बोलता येत होतं, सासूबाईसुद्धा तिला बाई म्हणायच्या.

दिवाळीला माहेरी वांगणीला गेले तेव्हा ओढ्यात उतरले. आमच्याकडे दगडाखाली मुरे असतात, बोटाएवढे, अंगावर काळे-पिवळे पट्टे. लहानपणी आम्ही फडक्याने धरायचो. तसेच धरले, दुधाच्या किटलीत घातले, वर पाणगवताच्या लाल देठांची जुडी ठेवली आणि घरी येऊन लोणच्याच्या बरणीत सोडले. बरणी ओट्यावर, अगदी येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवली.

जाऊ शाळेतून आली आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून खाली बसली. "अहो ताई, हे तर माझ्या माशांपेक्षा देखणे आहेत," ती म्हणाली, तेही चारजणींसमोर. मला आनंद व्हायला हवा होता. पण इतक्या सहज ती हरली, की मला जिंकल्यासारखं वाटलंच नाही. देणारी पुन्हा तीच.

पुढे ती माहेरी गेली तेव्हा नाशिकच्या माशांच्या दुकानदाराशी बोलून आली. घरी मासे पाळणाऱ्या लोकांचं मंडळ असतं, महिन्यातून एका रविवारी जमतात, एकमेकांना मासे नि पाणवनस्पती देतात घेतात, असं तिने मला सांगितलं. दुकानदार तिला म्हणाला होता, "तुम्ही जव्हारच्या ना? मग नाशिकला कशाला येता? सिल्वासात आहे की मंडळ, तुम्हाला तेच जवळ." पत्ता त्यानेच दिला. तिने पत्र टाकलं, उत्तर आलं, आणि एका रविवारी ती मला घेऊन सिल्वासाच्या बसमध्ये बसली. किटली माझ्या मांडीवर.

तिथे एका बंगल्याच्या गच्चीत माणसं जमली होती, कारखान्यांतले साहेब, त्यांच्या बायका, दोन कॉलेजची मुलं. सगळं बोलणं हिंदी-गुजरातीत. जाऊ त्यांच्यात अशी मिसळली जशी साखर दुधात. तिला सगळे मॅडम म्हणत होते. मंडळाचे सेक्रेटरी, एक पिकल्या केसांचे गृहस्थ, किटलीत डोकावून म्हणाले, "ये कहाँ के हैं?"

"हमारे यहाँ के," जाऊ म्हणाली.

आमच्याकडचे. मला ते लागलं. ओढा माझ्या माहेरचा, पाय माझे गारठले, आणि मासे आमच्याकडचे. पण पुढच्याच क्षणी तिने माझ्याकडे हात केला. "ये मेरी जेठानी हैं, इन्होंने पकड़े." सगळे माझ्याकडे बघायला लागले. सेक्रेटरींनी विचारलं, ओढ्याचं पाणी कसं आहे, वाहतं की साठलेलं. मला सगळं माहीत होतं. मी पदराचं टोक चाळवत खाली बघत राहिले. शेवटी तिनेच सांगितलं, आणि तिने चुकीचं सांगितलं तरी मी बोलले नाही. परत येताना बसमध्ये मी तिच्यावर इतकी चिडले होते की जसं काही तिने माझं तोंड दाबून धरलं होतं.

त्या लोकांना अजून मुरे हवे होते आणि पाणगवतही. त्यांनी आगाऊ पैसे दिले. जावेने ते लगेच माझ्या हातावर ठेवले. "मासे ताईंचे, पैसे ताईंकडे."

त्या पैशांची मी काचपेटी केली. बाजारात फोटोंना चौकट करणारा होता, त्याच्याकडून काचा कापून, चिकटवून घेतली. तिच्यापेक्षा एक वीत लांब. माप मी तिच्या खोलीत जाऊन दोरीने घेतलं होतं.

मंडळाच्या पुढच्या रविवारी तिला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. "ताई, आपण पुढच्या महिन्यात जाऊ," ती म्हणाली. मी हो म्हटलं आणि तिला न सांगता एकटी निघाले. या वेळी ते लोक फक्त माझ्याशी बोलतील, असं मनात होतं. काय बोलायचं ते मी जात्यावर नागली दळताना घोकलं होतं, हिंदीत.

माहेरून या खेपेला खूप मुरे धरून आणले होते, काही पेटीत ठेवूनही किटली लहान पडत होती. म्हणून प्लास्टिकच्या पिशव्या घेतल्या, थोडं पाणी, मासे, वर हवा आणि तोंडाला रबर गच्च. पिशव्या बांबूच्या पाटीत रचल्या, गारवा राहावा म्हणून वरून सागाचा पाला झाकला, पाल्यावर पाणगवत. माहेरी पाटी अशीच भरताना बघितली होती. काय भरताना बघितली होती, याचा विचार डोक्यात आलाच नाही.

राज्याच्या हद्दीवरच्या नाक्यावर बस थांबली. शिपाई वर चढला आणि सरळ माझ्या पाटीपाशी आला. पाला बाजूला केला, फुगलेल्या पिशव्या दिसल्या.

"काय नेतेस मावशी?"

माझ्या तोंडून निघालं, "पाणी."

सगळी बस हसली. "सगळ्यांचं पाणीच असतं," तो म्हणाला. मागून कोणीतरी बोललं, "साहेब, आधी चाखून तरी बघा." आमच्या भागात मोहाची दारू अशीच जाते, पिशवीत, पाटीत, पाल्याखाली. हे मला त्या क्षणी कळलं. मासे आहेत, एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द. इतकी माणसं माझ्याकडे बघत असताना मला कधीच बोलता आलेलं नाही.

त्याने मला खाली उतरवलं, बस गेली. पाटी उन्हात पत्र्याच्या शेडबाहेर राहिली, कारण नाक्याचे मोठे साहेब जेवायला गेले होते आणि तपासणी तेच करणार होते. साहेब आले, पिशवी सोडून वास घेतला, आत बोट घातलं. "अरे, हे तर मासे आहेत," ते शिपायाला म्हणाले, मग मला, "बाई, तोंड नाही का तुम्हाला?" तोपर्यंत पाणी चहासारखं गरम झालं होतं. मुरे पोट वर करून तरंगत होते. मी परतीची जीप धरली. घरी सांगितलं, बसमध्ये मेले.

पुढच्या महिन्यात जाऊ एकटी सिल्वासाला जाऊन आली. नळावर भांडी घासताना मला म्हणाली, "ताई, ते आगाऊ पैसे मी त्यांना पगारातून देऊन टाकले. राहू दे, घरातलेच आहेत."

तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माझी वीतभर जास्त लांब पेटी आता तिच्या पैशांची झाली होती. कोणी बघायला आलं की मी पाणी बदलायचं निमित्त करून आत जायची. तिचे पैसे फेडल्याशिवाय ती पेटी माझी होणार नव्हती, आणि फेडायचे तर मासे विकायला हवेत, आणि मासे विकायला मला तीच सोबत लागणार होती. याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

शेवटी मीच म्हटलं, "पुन्हा जाऊ या का?"

"मी तेच म्हणणार होते," ती म्हणाली.

डहाणूहून बर्फातले बांगडे येतात तो थर्माकोलचा खोका कोळणीकडून मागून घेतला, वास जाईपर्यंत धुतला आणि पिशव्या त्यात ठेवल्या. नाक्यावर तोच शिपाई. जावेने त्याने विचारायच्या आधीच झाकण उघडलं. त्याने माझ्याकडे बघितलं. "मावशी, आज तरी मासे आहेत म्हणून सांगायचं. त्या दिवशी पाटीत पाल्याखाली पिशव्या बघून दारू वाटली, बोलली असतीस तर तिथल्या तिथे सोडली असती."

बस सुटल्यावर जाऊ माझ्याकडे वळली. "हे मला सांगितलं का नाही?"

"तू असतीस तर असं झालं नसतं."

"मग तेच सांगायचं."

"तेच तर सांगायचं नव्हतं."

ती म्हणाली, "पाटीत? पाल्याखाली?"

"हो."

ती हसायला लागली, खिडकीकडे तोंड करून, खांदे हलेपर्यंत. मी तिच्याकडे रागाने बघत होते आणि मलाही हसू आवरत नव्हतं.

त्यानंतर आम्ही बऱ्याच वेळा गेलो. बोलायची तीच. मी मात्र पाण्याबद्दल तिने चुकीचं सांगितलं की हळूच मराठीत दुरुस्त करायची आणि ती ते हिंदीत सांगायची. हेवा गेला म्हणणार नाही. तिला मॅडम म्हटलं की अजून कुठेतरी बोचतं. दर खेपेला आलेल्या पैशांतून मी थोडे तिच्यापुढे ठेवायची, ती "अहो राहू दे" म्हणायची आणि मी ते तिच्या मशीनच्या खणात टाकून यायची.

शेवटचा हप्ता दिला तेव्हा ती मशीनवर बसली होती. मी म्हटलं, "हे शेवटचे. मोजून घे." ती "कशाला" म्हणणार होती, मग तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. पाय थांबवला, खणातले आधीचे सगळे काढले, हातातले त्यात मिळवले आणि बँकेत मोजतात तसं एक-एक नोट मांडीवर ठेवत मोजली. "बरोबर आहेत, ताई," ती म्हणाली. "पूर्ण मिळाले."