मर्ज होताना गळालेली फाईल

बीडच्या आमच्या छोट्या ऑफिसातले सगळ्यात जुने प्रोग्रामर माझ्या समोरच्या टेबलाशी बसत. नेकनूरहून बसने येत, चपला दाराशी काढत आणि दिवसभर माणसांपेक्षा कॉम्प्युटरशीच जास्त बोलत. प्रोग्राम अडला की स्क्रीनकडे झुकून हळूच विचारत, "का रं? काय झालं तुला?" आमच्याशी बोलताना मात्र नजर खाली.

आम्ही सगळे आपापल्या मशीनवर जे बदल करायचो, ते एकत्र जोडणारा, म्हणजे मर्ज करणारा, प्रोग्राम त्यांनीच लिहिलेला. एकदा मी एका फोल्डरचं नाव बदललं. त्याच दिवशी एका सहकाऱ्याने त्या फोल्डरात ठेवलेली नवी फाईल जोडणीनंतर नाहीशी झाली. ती मीच उडवली, असं सगळे धरून बसले. कित्येक दिवस बोलणी खाल्ल्यावर शेवटी साहेब म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

मी बॅग भरू लागले, तेव्हा समोरचे प्रोग्रामर उठले.

"साहेब, ताईनं काईच केलं न्हाई. एकानं फोल्डरचं नाव बदललं अन् दुसऱ्यानं त्यात नवी फाईल टाकली, की माझा प्रोग्राम ती गाळतो. जुन्या प्रतीत हाय ती. आत्ता काढून देतो."

"हे आज सापडलं तुम्हाला?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई. लई आदीच दिसलं होतं. म्हनलं, असं कोन करतंय."

फाईल परत आली, माझी नोकरीही राहिली. आभार मानायला मी त्यांच्याकडे वळले. इतके दिवस समोर बसून ते माझं रडणं पाहत होते. आभार न मानताच मी बॅगेतलं सामान परत टेबलावर काढू लागले.