पुष्पाकाकूंचा ‘नक्को’

हँडपीस माझ्या हातात होता. म्हणजे दात कोरून झिजवायचं मशीन, ज्याच्या नुसत्या आवाजानं माणसं खुर्चीचे हात घट्ट धरतात. खुर्चीत पुष्पाकाकू होत्या, वय एकाहत्तर. फॉर्मवर त्यांची सही झालेली. मी पायाखालचं बटण दाबणार, तेवढ्यात माझी असिस्टंट शाहीन म्हणाली, “मॅडम, रुको. अम्मा नक्को बोल रैं.”

मी काहीच ऐकलं नव्हतं.

काकूंना त्यांचा मुलगा श्रीकांत हैदराबादेतल्याच तारनाक्याहून माझ्या नारायणगुड्याच्या क्लिनिकमध्ये घेऊन आला होता. त्याच्या मुलीचं लग्न महिन्यावर आलेलं. काकूंच्या पुढच्या दोन दातांत पहिल्यापासून फट आहे, तांदळाचा दाणा सहज जाईल एवढी. लग्नाच्या फोटोत ती दिसू नये म्हणून श्रीकांतला व्हेनियर बसवून हवे होते. व्हेनियर म्हणजे दातावर पुढून चिकटवायचा पातळ पापुद्रा. त्यासाठी खरा दात थोडा घासावा लागतो, आणि घासलेला दात पुन्हा भरून येत नाही.

हे सगळं मी नीट समजावून सांगितलं होतं. चूक एवढीच, की सांगितलं श्रीकांतला. प्रश्न तो विचारत होता, मान तो हलवत होता. काकू शेजारी बसून पर्सची चेन उघडझाप करत होत्या. शेवटी तो म्हणाला, “आई, करायचं ना?” काकू म्हणाल्या, “बरं बाबा.” मी फॉर्म पुढे सरकवला.

‘बरं बाबा’ म्हणजे होकार नव्हे, हे मला सासूबाईंमुळे घरी पक्कं ठाऊक आहे. क्लिनिकमध्ये विसरले.

मी हँडपीस जागेवर ठेवला. श्रीकांत बाहेर बसला होता. “काकू, तुम्हाला हे हवंय का?”

“करा तुम्ही. त्यानं हौसेनं ठरवलंय.”

“त्याचं नाही विचारत. तुमचं सांगा.”

त्यांनी दाराकडे पाहिलं. शाहीननं जाऊन दार लावलं.

“श्रीकांतला सांगणार नाही ना?”

“तुम्ही म्हटल्याशिवाय या खोलीतलं बाहेर जात नाही.”

“मी शीळ घालते,” काकू म्हणाल्या.

त्यांचे वडील रेल्वेत गार्ड होते. क्वार्टर्समध्ये राहताना पोरीनं त्यांच्या शिट्टीची नक्कल सुरू केली, आणि पुढे चालीच्या चाली वाजवू लागली. सूर त्या फटीतूनच येतो. लग्नानंतर सासूनं एकदा पकडलं. बाईमाणसानं शीळ घातली की घरात साप येतो म्हणे. तेव्हापासून पन्नास वर्षं काकूंचं चोरून चाललंय. हल्ली सकाळी सहाला, गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे. “ही बुजवली की माझं संपलं,” त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरले.

मग त्यांनी वाजवून दाखवली. गळ्याला निळा नॅपकिन, डोक्यावर दिवा, आणि ती स्वच्छ, खट्याळ चाल. इतकी वर्षं लोकांच्या तोंडात बघतेय, तोंडातून असं काही बाहेर आलेलं पहिल्यांदाच ऐकलं. मला फार आनंद झाला.

“हल्लू, अम्मा,” शाहीन हसत म्हणाली, “भाईसाब सुन लेंगे.”

काकूंना घेऊन बाहेर येऊन मी व्हेनियर रद्द म्हणाले, तसा श्रीकांत भडकला. “आत्ता तर हो म्हणाली. का नको?”

“ते त्यांनाच विचारा.”

“मॅडम, मी मुलगा आहे तिचा.”

“हो. पण दात त्यांचे आहेत.”

त्याचा चेहरा एकदम उतरला. “काही आजार वगैरे लपवताय का?”

मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी ‘सांगा’ अशी मान हलवली. मग मी म्हणाले, “दात ठणठणीत आहेत. त्यांना नको आहे, एवढंच.”

“मग मी दुसऱ्या डॉक्टरकडे नेतो.”

“ने,” काकू म्हणाल्या. “तिथंही नकोच म्हणेन.” या वेळी मलाही स्वच्छ ऐकू आलं.

दहा दिवसांनी श्रीकांत स्वतःचे दात साफ करून घ्यायला आला. राग ओसरला होता. मी अवजारं मांडत होते आणि माझ्याही नकळत तीच चाल शिळेवर घेत होते.

“ही चाल आमच्या गच्चीवरून रोज ऐकू येते,” तो म्हणाला. “कोणीतरी टवाळ पोरगा आहे. वॉचमनला सांगितलंय पकडायला. तुम्हाला कुठून माहीत?”

शाहीननं तोंड भिंतीकडे फिरवलं. खोटं बोलायचं नव्हतं, खरं बोलता येत नव्हतं. अशा वेळी दंतवैद्याला एक सोय असते.

“आ करा,” मी म्हणाले.

संध्याकाळी काकूंना त्यांच्या मोबाईलवर फोन करून चूक कबूल केली. त्या खूप वेळ हसल्या. “वॉचमनचं सोडा. त्याला मी केव्हाच फितवलाय.”

लग्नानंतर श्रीकांत पेढे घेऊन आला आणि सांगू लागला. मुलगी सासरी निघाली, सगळे रडत होते, गाडी सुरू झाली, आणि मागून गार्डची शिट्टी ऐकू आली. वळून बघतात तर आई. मग तिनं ती गच्चीवरची चाल धरली. नवरी गाडीतून उतरून आजीच्या गळ्यात पडली. “आणि मी वॉचमन लावला होता,” श्रीकांत म्हणाला.

त्यानं मोबाईलवर फोटो दाखवला. डोळे पुसत हसणारी सगळी मंडळी, आणि मधोमध ओठांचा चंबू केलेल्या काकू.

“बघा मॅडम, एकही दात दिसत नाही.”

हे लिहायला काकूंनी नाव बदलायच्या अटीवर परवानगी दिली आहे. विचारलं मात्र मी त्यांनाच, श्रीकांतला नाही. आपला ‘नको’ या शहरानं ‘नक्को’ करून घेतलाय, तो इथं सगळ्यांना कळतो. त्यामुळे तो ऐकू आला नाही, तर भाषेची अडचण होती असं म्हणायची सोय हैदराबादच्या डॉक्टरला नाही.